एसआयपी राहू द्या, आधी पासबुकाचं पहिलं पान बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की शेवटच्या वर्षाच्या मुलींना बजेट, बचत, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) सगळं शिकवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नंतर एकीनेही स्वतः व्यवहार केला नाही. हे दुखणं जुनं आहे. मुली आळशी नाहीत हो, बहुतेकींच्या खात्याला नंबर भावाचा नाहीतर वडिलांचा असतो.

शिष्यवृत्तीसाठी खातं उघडलं तेव्हा घरात एकच फोन होता, तोच फॉर्मवर गेला. त्यात कुणाचा डाव नसतो. पण यूपीआय सुरू करायला खात्याला जोडलेल्या सिमवरूनच एसएमएस जावा लागतो. एटीएमचा पिनही आता बऱ्याच बँका ओटीपीवर तयार करायला लावतात, म्हणजे तोही भावाच्या फोनवर. तिथे चक्रवाढ व्याज समजून ती करणार काय?

पहिल्या तासाला पासबुक, आधार आणि फोन आणायला सांगा. बँकेच्या शिल्लक सांगणाऱ्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायला लावा. एसएमएस आला तर तोच नंबर खात्याला आहे. (काही बँकांत या सेवेची आधी नोंदणी लागते, त्यामुळे नाही आला तर शाखेत खात्री करा.) हे एकेकीला बाजूला घेऊन करा, वर्गात हात वर करायला लावू नका. मग पासबुकाचं पहिलं पान बघा. पालकाचं नाव छापलेलं असेल तर खातं बहुधा अजून मायनरच आहे. १८ पूर्ण झाल्यावर नवी सही, फोटो आणि केवायसी देऊन ते मेजर करून घ्यावं लागतं, नाहीतर ऐन फी भरायच्या वेळी पैसे अडकतात.

मुलींचे नंबर बदलून घेताना माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बँकेच्या एका शाखेने. नाव घेत नाही. सज्ञान मुलीला नंबर बदलायला ‘वडिलांना घेऊन ये’ म्हणायचे. असा नियम नाही! पण मुलगी एकदा परत फिरली की पुन्हा त्या काउंटरला जात नाही, आणि निम्मी बॅच तिथेच गळते. म्हणून तोंडी बोलूच देऊ नका. अर्ज दोन प्रतींत, एकीवर तारखेसह शिक्का मारून पोच. तरी अडवलं तर बँकेकडे लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. बहुतेक वेळा पोच मागितली की काम होतं.

नवं सिम तिच्याच नावावर हवं आणि रिचार्ज चालू हवा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. घरी ‘पगाराच्या खात्याला माझा नंबर लागतो’ एवढंच सांगू दे, भांडणाचं कारण करू नये. पण सगळ्याच घरांत हे चालेल असं नाही. तिथे जबरदस्ती नको, पासबुक आणि पैसे काढायची स्लिप शिकवा.

माझं मत विचाराल तर ५०-३०-२० (पगाराचे टक्के: गरजा, हौस, बचत) वगैरे सूत्रं गाळा. पगार घरात देणाऱ्या मुलीला ती लागू होत नाहीत. त्यापेक्षा पैसे *घ्यायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे प्रत्येकीकडून म्हणवून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आणि पहिला पगार झाला की विमा घेऊन नात्यातला कुणीतरी दारात येतोच. सही होऊन गेली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. (मी बँकेत किंवा विमा कंपनीत नाही, आकडे एकदा शाखेत विचारून घ्या.)