बंद फोनातला डेटा काढायला शिकायचंय, त्यासाठी डिप्लोमा सोडू का?

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणीचा पाण्यात पडून बंद झालेला फोन तिने चालू केला आणि त्यातले फोटो काढून दिले. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. डिप्लोमा सोडून बोर्डदुरुस्तीचा तीन महिन्यांचा कोर्स करायचा आणि डेटा रिकव्हरीतच उतरायचं, असं तिने ठरवलंय. तिच्या बाबांच्या मते हे ‘मोबाइल रिपेअरवाल्याचं काम’. मला वेगळीच शंका येते. आता सगळ्यांचे फोटो क्लाउडवर असतात, मग या कामाला भवितव्य किती? तिला काय सांगू?
– एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमची शंका रास्त आहे. बॅकअप घेणारे वाढले की काही काम कमी होणारच. पण या व्यवसायात दुसरीकडून एक उलटी गोष्ट घडली आहे. पूर्वी बोर्ड, म्हणजे फोनातली सर्किटची पाटी, पार मेला असला तरी मेमरी चिप उपसून, सॉकेटमध्ये बसवून थेट वाचता यायची. आता चिप निघते, वाचताही येते, पण हाती लागतो तो अर्थहीन आकड्यांचा ढीग. सगळं एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतं, आणि ते उलगडायला डिजिटल किल्ली लागते. आयफोनमध्ये २०१३ च्या ५एसपासून किल्ल्या सांभाळणारा वेगळा भाग, सिक्युअर एन्क्लेव्ह, प्रोसेसरच्या चिपमध्येच असतो. अँड्रॉइड १० (२०१९) घेऊन बाजारात आलेल्या फोनांपासून फाइलनिहाय एन्क्रिप्शन सक्तीचं झालं. किल्ली त्या एका प्रोसेसरशी आणि मालकाच्या पासकोडशी बांधलेली. म्हणजे डेटा हवा असेल तर तोच प्रोसेसर, तीच मेमरी आणि पासकोड टाकण्यापुरता तरी जिवंत झालेला फोन, याशिवाय वाट नाही. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं महत्त्व त्यामुळे वाढलं.

आता काम नेमकं काय आहे ते सांगतो, कारण व्हिडिओत दिसतो तो हॉट एअरचा, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या गरम हवेचा झोत आणि सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारं सोल्डर. खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

बोर्डाला बॅटरीऐवजी डीसी पॉवर सप्लाय जोडायचा, चार व्होल्टच्या आसपास द्यायचे आणि पॉवर बटणाला हात न लावता करंट बघायचा. बटण दाबण्याआधीच करंट वाहत असेल तर मुख्य लाइनवर, किंवा तिला थेट जोडलेल्या एखाद्या आयसीत (चिपमध्ये), शॉर्ट आहे, म्हणजे करंटला भलतीच आडवाट मिळाली आहे. बटण दाबल्यावर करंट थोडा चढून एकाच आकड्यावर अडकला तर गोष्ट निराळी. मुख्य लाइन ठीक आहे, पण पुढचा एखादा सप्लाय उभा राहत नाही किंवा बूट, म्हणजे फोन सुरू होण्याची प्रक्रिया, मध्येच अडतंय. अजून काहीही तापवलेलं नाही, काढलेलं नाही, आणि तरी निम्मा बोर्ड संशयातून सुटला.

मुख्य लाइनवर शॉर्ट निघाला असं समजा. त्या लाइनवर डझनावारी कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे बारीक घटक) समांतर जोडलेले असतात. मल्टिमीटर कोणावरही टेकवा, वाचन शून्यच येणार. गुन्हेगार एक, पण जबानी सगळ्यांची सारखी. मग त्या लाइनमध्ये कमी व्होल्टेज सोडून कोण तापतंय ते पाहतात. थर्मल कॅमेरा असेल तर उत्तम. नसेल तर बोर्डावर रोझिनच्या (राळेच्या) धुराचा पांढरा पातळ थर बसवतात. जिथे तापतं तिथला थर वितळून पारदर्शक होतो. सापडतो तो कपॅसिटर ०.६ मिलिमीटर लांबीचा, कधी ०.४ चासुद्धा. तो काढला की पुष्कळदा फोन त्याच्याविनाच उठतो, कारण शेजारचे बाकीचे त्याचा भार निभावून नेतात. डेटा काढण्यापुरतं तेवढं पुरतं.

हीच पायरी आंधळेपणाने केली तर? प्रोसेसरच्या गाभ्याला जाणारी लाइन साधारण एक व्होल्टची किंवा त्याहून कमी असते. तिथे कुणी सवयीने चार व्होल्ट सोडले की प्रोसेसर गेला, आणि त्याच्याबरोबर किल्लीही गेली. वर आणखी एक चकवा आहे. त्या लाइनवर मल्टिमीटरचं वाचन मुळातच इतकं कमी येतं की नवख्याला धडधाकट बोर्डही शॉर्ट वाटतो. म्हणून त्याच मॉडेलच्या चांगल्या बोर्डाचं मल्टिमीटरच्या डायोड मोडमधलं वाचन शेजारी ठेवून ताडायचं, स्कीमॅटिक (बोर्डाचा सर्किट-नकाशा) उघडायचं आणि मगच हात लावायचा.

मला सांगायचंय ते इतकंच की हे मोजमापाचं आणि हात आवरण्याचं काम आहे. सोल्डरिंग सरावाने येतं, बऱ्याच जणांना येतं. ‘आत्ता तापवायचं नाही’ हे कळणारे थोडे.

तुमची लेक कोणत्या बाजूची आहे, हे तुम्हाला घरीच पडताळता येईल. मैत्रिणीचा फोन कसा उठवलास, असं सहज विचारा. बॅटरी आधी सोडवली, चार्जरला लावू दिला नाही, चिपांवरचं पत्र्याचं झाकण (शील्ड) काढून गंज आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, मग लाइन मोजल्या, अशा क्रमाने ती सांगू लागली तर मी निर्धास्त आहे. ‘हॉट एअर मारली आणि चालू झाला’ असं उत्तर आलं तर काळजी करू नका, पण ती अजून नशिबावर चालली आहे एवढं ओळखा.

डिप्लोमा सोडू नये, हे माझं स्पष्ट मत. फोनातला पॉवर मॅनेजमेंट आयसी म्हणजे एकाच चिपमध्ये कोंबलेले कितीतरी बक कन्व्हर्टर आणि एलडीओ, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून प्रत्येक भागाला हवं तेवढं देणारी सर्किटं. ते ठरलेल्या क्रमानेच सुरू होतात, आणि तो क्रम कुठे तुटला हे शोधणं हेच निदान. चिपा एकमेकींशी बोलतात त्या आयटूसी लाइनवरचा एखादा पुल-अप रेझिस्टर (लाइनचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा) उडाला तर सगळ्या आयसी शाबूत असूनही फोन अडकून बसू शकतो. हे ज्याला वर्गात शिकवलंय त्याला स्कीमॅटिक वाचता येतं. ज्याने फक्त ‘या मॉडेलला हा आयसी बदला’ एवढं पाठ केलंय, त्याची विद्या पुढचं मॉडेल आलं की शिळी होते. कंटाळवाण्या वाटणाऱ्या विषयांचा उपयोग तिला आता दिसू लागला असेल, तर उरलेला डिप्लोमा ती पूर्वीपेक्षा मन लावून करेल. सराव संध्याकाळी, टाकाऊ बोर्डांवर. लोकांच्या फोनांवर अजिबात नको.

तिच्या बाबांना एक सांगा. हेच कौशल्य कारखान्यांत ‘फेल्युअर अ‍ॅनालिसिस’ म्हणून लागतं. बंद पडलेला बोर्ड का बंद पडला, हे शोधणारी माणसं तिथे हवी असतात. बोर्ड रीवर्क (घटक काढून पुन्हा बसवणं) आणि दुरुस्तीला आयपीसी ७७११/७७२१ हे जगभर चालणारं मानक आहे आणि त्याचं प्रशिक्षण प्रमाणपत्रासह मिळतं. डिजिटल फॉरेन्सिक प्रयोगशाळांनाही मेलेल्या फोनातला डेटा हवाच असतो. तिथे मात्र पुरावा हाताळण्याची शिस्त वेगळी शिकावी लागते आणि औपचारिक पात्रतेशिवाय सहसा प्रवेश नसतो. डिप्लोमा पुरा करण्याचं हे आणखी एक कारण. आणि समजा ती दुकानच उघडून बसली, तरी त्यात कमीपणा वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

या कामाची दुसरी बाजूही तिने आत्ताच ऐकलेली बरी. येणारा माणूस बहुधा फोनसाठी येत नाही. गेलेल्या आईचा आवाज, बाळाचे पहिले फोटो यांसाठी येतो. त्यातल्या काहींना ‘नाही होणार’ हे सांगावं लागतं. फॅक्टरी रीसेट झालेल्या फोनाच्या किल्ल्याच पुसलेल्या असतात, तिथे बोर्ड कितीही चांगला असला तरी इलाज नाही. आजच्या फोनात खरोखर डिलीट झालेल्या फाइलचीही बहुतेकदा तीच गत. पासकोड कुणालाच माहीत नसेल तर बोर्ड जिवंत करूनही आपण कुलपाबाहेरच. खोटी आशा लावून पैसे घेणारे या धंद्यात आहेत. तिने त्यांच्यात जाऊ नये. परक्याचं खासगी आयुष्य समोर उघडं पडतं, ते न चाळता फक्त कॉपी करून द्यायचं आणि काम झालं की आपल्याकडची प्रत पुसायची. फोन आणणारा खरा मालक आहे की नाही, हे विचारायलाही लाजायचं नाही. कमाई अनियमित असते, तीन दिवस एका बोर्डावर घालवून हाती शून्य, असंही होतं.

राहिला तो कोर्स. सुट्टीत जरूर करू द्या, पण पैसे भरण्याआधी तिला तिथे नेऊन काही गोष्टी विचारा. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक आणि पॉवर सप्लाय मिळतो का? दोष आधी न सांगता बोर्ड हातात देतात का, की शिक्षक दाखवतील तोच घटक बदलायचा? सोल्डर आणि फ्लक्सचा धूर खेचून घेणारा पंखा टेबलावर आहे का? आणि पहिल्याच जाहिरातीत ‘सीपीयू स्वॅप शिका’ असं मोठ्या अक्षरांत असेल तर जरा थांबा. तुटलेल्या बोर्डावरून प्रोसेसर, मेमरी आणि त्यांच्याशी जोडी जमवलेल्या चिपा उचलून डोनर बोर्डावर, म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चांगल्या बोर्डावर बसवणं, हा सगळ्यात शेवटचा उपाय. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, प्रोसेसरच्या पाठीवर बहुधा रॅम बसवलेली असते, आणि २०१७ च्या आयफोन एक्सपासून दोन थरांचे बोर्डही आले आहेत. तीन महिन्यांत हे बघायला मिळेल, जमायला लागणार नाही. कोर्सवाले हे स्वतःहून कबूल करत असतील तर तिला तिथे घालायला हरकत नाही.