उचलीवर पीएचडी : पहिल्या वर्षाचा खर्च कसा भागवायचा?

प्रश्न : मानववंशशास्त्रात एम.ए. केले आहे. ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून (मजूर जमवणाऱ्या मध्यस्थाकडून) जी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात, त्यावर पीएचडी करायची आहे. कोर्सवर्क सुरू झाले, पण फेलोशिप नाही. गावात जाऊन राहायला पैसे कोण देईल? – एक वाचक (स्त्री), अंबाजोगाई

उत्तर : तुमच्या टप्प्यावर फील्डवर्कसाठी वेगळे पैसे फारसे कोणी देत नाही, हे आधी स्वीकारलेले बरे. निर्वाहासाठी फेलोशिप मिळते, मोठ्या फील्डवर्कला अनुदान मिळते. मधली फट स्वतःलाच बुजवावी लागते. म्हणून ती लहान ठेवायची.

निर्वाहासाठी पहिला प्रयत्न नेट-जेआरएफचाच (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचाच) करा. परीक्षा वर्षातून दोनदा होते. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, स्त्रियांना ५ वर्षांची सवलत मिळते. पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. शिवाय सामाजिक शास्त्रांना आकस्मिक खर्चासाठी सुरुवातीला वर्षाला १०,००० रुपये. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप प्रवर्गानुसार आहेत. त्यांच्या जागा आणि अटी जाहिरातीगणिक बदलतात, तेव्हा मैत्रिणीला गेल्या वर्षी काय लागले यावर विसंबू नका. आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल फेलोशिप पीएचडीची नोंदणी झालेल्यांसाठी असते. दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत, आणि मंजुरीनंतरही पैसे खात्यावर यायला कित्येक महिने जातात. भाडे थकणार नाही एवढी शिल्लक ठेवूनच गावात उतरा.

आता फट किती, ते पाहू. तुमच्या विषयाला स्वतःचे पंचांग आहे. उचल पावसाळ्यात वाटली जाते, तोड दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, चालते. विद्यापीठाच्या सोयीने मे महिन्यात गेलात तर हिशेब मिटलेले, माणसे दमलेली आणि मुकादम पुढच्या हंगामाच्या जुळवाजुळवीत असतो. म्हणून दोन छोट्या फेऱ्या करा. एक श्रावण-भाद्रपदात बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या गावात, २१ दिवसांची. दुसरी जानेवारीत सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडावर, तेवढ्याच दिवसांची.

अंदाजी खर्च : एसटी ४,००० (स्त्रियांना अर्धे तिकीट असल्याने आणखी कमी), दोन्हीकडची खोली ८,०००, जेवण ४२ दिवसांचे रोजी २५० प्रमाणे १०,५००, वडाप (खासगी जीप) आणि पेट्रोल ५,०००, मुलाखती उतरवून घेण्याचे ६,०००. बेरीज ३३,५००. वर १० टक्के अडीअडचणीला धरले की ३६,८५०. म्हणजे जेआरएफचा एक महिना. उतरवून घेण्याचे पैसे कापू नका. तासभराच्या बोलण्याला सहा-आठ तास लागतात, त्यात बीडची बोली, पाठीमागे ट्रॅक्टर.

फडावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. मजुरी टनावर असते. तुम्ही दुपारी तासभर थांबवलेत तर तेवढ्या मोळ्या कमी बांधल्या जातात. बोलणे कोपीपुढे (त्यांच्या झोपडीपुढे), संध्याकाळी. आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून रोज हातात पडणारे पैसे अवश्य विचारा. उचलीच्या वहीत ते सहसा सापडत नाहीत, पण मीठमिरची बरेचदा त्यावरच चालते. उचल म्हणजे कर्ज, आगाऊ मजुरी की बांधिलकी, हा तुमचा खरा प्रश्न तिथे उकलू लागतो.

प्रश्न : परदेशी अनुदानाला भारतात शिकणाऱ्याने अर्ज केला तर चालतो का? – एक संशोधक, पुणे

उत्तर : चालतो. वेनर-ग्रेन फाउंडेशन या मानववंशशास्त्राला पैसे देणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या प्रबंध-फील्डवर्क अनुदानाला राष्ट्रीयत्वाची अट नाही. कमाल रक्कम २५,००० डॉलर, मुदती १ मे आणि १ नोव्हेंबर. पण मे महिन्यात अर्ज केला तर काम पुढच्या जानेवारीनंतर सुरू होते, नोव्हेंबरमध्ये केला तर पुढच्या जुलैनंतर. वरच्या प्रश्नातल्या ऊसतोडीचेच उदाहरण घेतले तर १ नोव्हेंबर सोयीचा, कारण पैसे उचलीच्या दिवसांत हाताशी येतात. फील्डवर्क सुरू होण्यापूर्वी प्रबंध सोडून पीएचडीच्या बाकी सगळ्या अटी पूर्ण झालेल्या हव्यात. रक्कम कोणत्या मार्गाने घ्यायची, हे विद्यापीठाच्या वित्त विभागाला अर्जाआधीच विचारा.

अर्ज बहुधा एका जागी पडतात : ‘उचलीचे कुटुंबावर होणारे परिणाम’ असे लिहिले की परीक्षकाला त्यात सर्वेक्षण दिसते, मानववंशशास्त्र दिसत नाही. त्याऐवजी असे लिहा : उचल फिटली की नाही हे कोण ठरवते, कोणत्या वहीवरून, आणि कोयत्यातल्या बाईचा वाटा त्या वहीत कुणाच्या नावावर चढतो? (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे परदेशी परीक्षकाला समजावून सांगा.) डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी गुजरातेत बारडोलीकडच्या कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या तोडकऱ्यांविषयी लिहिले आहे. तुमचे काम त्याहून वेगळे कसे, हे तुम्ही सांगितले नाही तर परीक्षक विचारणारच.

प्रश्न : गावात पावती मिळत नाही. आकस्मिक खर्चाचा हिशेब कसा द्यायचा? – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : पानांवर क्रमांक टाकलेली वही करा : तारीख, रक्कम, कशासाठी, तुमची सही. दर महिन्याला मार्गदर्शकांची सही घ्या, वर्षाअखेरीस एकदम नको. स्वतः लिहिलेली व्हाउचर किती रकमेपर्यंत चालतात, हे लेखा विभागाकडून लेखी घेऊन ठेवा. मात्र मुलाखत देणाऱ्यांना रोख देऊन त्यांच्या सह्या किंवा अंगठे घेऊ नका. ज्यांची नावे प्रबंधात लपवायची, त्यांचीच यादी विद्यापीठाच्या फायलीत जाऊन बसते.