इलेक्ट्रॉन आणि ब्लॅक होल, दोघांचाही जी-फॅक्टर २ कसा काय?

तुम्ही विचारलंय की इलेक्ट्रॉनचा जी-फॅक्टर २ येतो आणि चार्ज असलेल्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या ब्लॅक होलचाही २ च येतो, तर मग इलेक्ट्रॉन म्हणजे छोटंसं ब्लॅक होल म्हणायचं का? माझ्या मते नाही, पण निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावं असंही हे प्रकरण नाही.

आधी जी म्हणजे काय ते बघू. चार्ज फिरला की मॅग्नेटिक मोमेंट (चुंबक म्हणून त्याची ताकद) मिळतो, वस्तुमान फिरलं की अँग्युलर मोमेंटम (फिरण्याचं परिमाण), आणि या दोघांचं गुणोत्तर म्हणजे जायरोमॅग्नेटिक रेशो. जिथे जितकं वस्तुमान तिथे त्याच प्रमाणात चार्ज असेल तर क्लासिकल हिशोबाने हे गुणोत्तर चार्ज भागिले दुप्पट वस्तुमान एवढं येतं, आणि खरं उत्तर याच्या किती पट निघतं तो आकडा म्हणजे जी. म्हणजे क्लासिकल वस्तूचा जी १. इलेक्ट्रॉनचा २ आधी प्रयोगांशी जुळावं म्हणून हाताने घालावा लागायचा, १९२८ मध्ये डिरॅकच्या, म्हणजे क्वांटम आणि रिलेटिव्हिटी दोन्ही जुळवणाऱ्या, समीकरणातून तो आपोआप बाहेर पडला. हा रिलेटिव्हिटीचाच परिणाम आहे असं सर्रास सांगतात, ते काही पटत नाही, कारण १९६७ मध्ये लेव्ही-लेब्लाँने श्रोडिंगरचं (रिलेटिव्हिटी नसलेलं क्वांटम) समीकरण पहिल्या घातात मांडून रिलेटिव्हिटी न वापरताही २ च काढून दाखवला.

आता ब्लॅक होल. १९६३ मध्ये केरने फिरणाऱ्या ब्लॅक होलचं सोल्यूशन दिलं, १९६५ मध्ये न्यूमन आणि सहकाऱ्यांनी त्यात चार्ज आणला आणि १९६८ मध्ये कार्टरच्या लक्षात आलं की याचा जी २ आहे. गंमत बघा, या सोल्यूशनमध्ये 'ए' नावाची एक लांबी असते, प्रकाशाचा वेग १ धरला तर अँग्युलर मोमेंटम म्हणजे वस्तुमान गुणिले ए, आणि लांबून दिसणारा मॅग्नेटिक मोमेंट म्हणजे चार्ज गुणिले तोच ए. भागाकार केला की ए उडून जातो, उरतं चार्ज भागिले वस्तुमान, म्हणजे क्लासिकलच्या बरोब्बर दुप्पट! स्पिन (स्वतःभोवतीचं फिरणं) कितीही असो, चार्ज कितीही असो, काही फरक नाही. न्यूमनच्या पद्धतीत हे आणखी स्वच्छ दिसतं, कारण तिथे स्थिर ब्लॅक होलचं वस्तुमान आणि चार्ज दोन्ही काल्पनिक दिशेने (गणितातल्या इमॅजिनरी संख्यांच्या अर्थाने) सारख्याच अंतराने सरकवले जातात आणि त्या सरकण्यातूनच स्पिन आणि मॅग्नेटिझम येतं. मला या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

तरी इलेक्ट्रॉनला ब्लॅक होल म्हणता येत नाही. त्याच्या स्पिनवरून ए काढला तर तो साधारण ०.२ पिकोमीटर येतो, आणि त्याच्या वस्तुमानाची गुरुत्वीय लांबी (त्या वस्तुमानाच्या ब्लॅक होलच्या आकाराचं माप) त्याहून इतकी लहान आहे की किती पट ते लिहायला साधारण ३ च्या पुढे ४४ शून्यं लागतील. होरायझन, म्हणजे ब्लॅक होलची परत न येता येणारी सीमा, बनायला ए त्या लांबीपेक्षा मोठा असून चालत नाही, त्यामुळे इथे होरायझनच उरत नाही, उघडी रिंग सिंग्युलॅरिटी (कड्याच्या आकाराची, गणित जिथे कोलमडतं अशी जागा) उरते. शिवाय प्रयोगांमध्ये एवढ्या आकाराचं काहीच दिसलेलं नाही.

आणि इलेक्ट्रॉनचा जी नेमका २ नाहीच, तो २.००२३१९३ च्या आसपास आहे. वरच्या तुकड्याचा मोठा भाग १९४८ मध्ये श्विंगरने काढला, तो क्वांटम फील्डमुळे येतो आणि केर-न्यूमनच्या क्लासिकल गणितात त्याला जागाच नाही. उलट डब्ल्यू बोसॉन या दुसऱ्या मूलभूत कणाचा स्पिन १, तरी पहिल्या पायरीच्या हिशोबात त्याचाही जी २ च, आणि प्रोटॉनचा मात्र ५.५९, कारण तो आतून क्वार्कांचा बनलाय.