वाचक विचारतात : जुन्या होम कॉम्प्युटरचा नवा मदरबोर्ड

मागच्या अंकात आपण सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या १९८२ सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या होम कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आज नव्याने कसा बनवतात ते थोडक्यात पाहिलं. म्हणजे पार गेलेल्या एका बोर्डवरचे सगळे पार्ट काढायचे, दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, तांब्याचे ट्रॅक कॉम्प्युटरवर जसेच्या तसे पुन्हा काढायचे आणि ती फाइल पीसीबी (सर्किट बोर्ड) बनवणाऱ्या कारखान्याला पाठवायची. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातले काही प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न : वडिलांनी ऐंशीच्या दशकात डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस (स्पेक्ट्रमची भारतात विकली गेलेली आवृत्ती) घेतला होता. कित्येक वर्षं माळ्यावर होता. परवा चालू केला तर टीव्हीवर नुसत्या उभ्या पट्ट्या आणि रंगीत चौकटी येतात, पुढे काहीच नाही. नवा बोर्ड मागवून सगळे पार्ट त्यावर चढवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, इतक्यात अजिबात नको. पट्ट्या का होईना पण चित्र येतंय ना, मग तुमच्या मशीनमधली सगळ्यात मोलाची चिप बहुतेक जिवंत आहे. स्पेक्ट्रममध्ये टीव्हीचा सिग्नल यूएलए नावाची चिप तयार करते, मेमरीच्या खालच्या १६ केमधल्या (के म्हणजे किलोबाइट) पडद्यासाठी राखलेल्या भागात जे काही पडलंय ते ती पडद्यावर दाखवते, आणि मेमरीत कचरा असेल तर कचरा दिसणारच. म्हणजे यूएलए आणि तिचा १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काम करतायत, अडलंय ते मेमरीत, रॉममध्ये (मशीनचं कायमचं सॉफ्टवेअर असलेली चिप) नाहीतर प्रोसेसरमध्ये, आणि माझ्या मते तरी पहिला संशय मेमरीवरच घ्यायचा.

खालच्या १६ केसाठी ४११६ जातीच्या आठ चिप्स आहेत, बोर्डवर आयसी ६ ते आयसी १३ असं छापलेलं सापडेल. या चिपला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात आणि सगळी गोम तिथेच आहे. मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला लावा (याच चिपची १६ नंबरची पिन म्हणजे ग्राउंड) आणि लाल पिनने मोजा : १ नंबरला उणे ५, ८ नंबरला अधिक १२, ९ नंबरला अधिक ५. यातलं उणे ५ गायब असेल तर मशीन लगेच बंद करा, कारण उणे ५ नसताना १२ व्होल्ट चालू राहिले तर चांगल्या ४११६ सुद्धा मरतात. १२ आणि उणे ५ हे दोन्ही टीआर४ नावाचा एक छोटा ट्रान्झिस्टर आणि त्याच्या शेजारची कॉइल मिळून तयार करतात. एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली की ती टीआर४ला घेऊन जाते, मग कोणीतरी नुसता टीआर४ बदलतो, तो पुन्हा जळतो, आणि शेवटी "बोर्डच गेला" म्हणून मशीन अडगळीत जातं. असे कितीतरी बोर्ड फुकट मेलेत. उणे ५ येत असेल तर एक मिनिटभर चालू ठेवून आठही चिप्सवर बोट ठेवून बघा, एखादी बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर बहुतेक तीच.

अजून एक, आणि हे आधीच सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे : स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्ट अडॅप्टरच्या पिनमध्ये आतली बाजू निगेटिव्ह असते. हल्ली घरात असलेले जवळजवळ सगळे अडॅप्टर बरोबर उलटे असतात. पिन बसते म्हणून राउटरचा अडॅप्टर लावू नका.

नवा बोर्ड केव्हा घ्यायचा, तर बोर्ड तडकलाय, पॅड उखडलेत, ट्रॅक गंजून इतके खाल्लेत की वायरी जोडून जोडून जाळं झालंय, तेव्हाच. नव्या बोर्डचा खरा उपयोग हाच, जुन्या वाचलेल्या चिप्सना राहायला घर. चालण्यासारखं मशीन उघडून त्यातल्या चिप्स काढून चकचकीत नवा बोर्ड भरणं मला पटत नाही, आणि ते सुद्धा वडिलांच्या मशीनच्या बाबतीत तर नाहीच नाही.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे जुनं मशीन नाहीये, पण स्वतःच्या हाताने पूर्ण स्पेक्ट्रम बनवायचाय. यूएलए नवीन मिळते का? नसेल तर काय करायचं?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तुझ्यासारख्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे! मूळ यूएलए नवीन मिळत नाही. फेरांटी ही ब्रिटिश कंपनी गेट्सची अर्धवट तयार चिप बनवून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला हवी तशी जोडणी शेवटच्या धातूच्या थरात करून द्यायची, सिंक्लेअरने तशीच करून घेतली. त्यामुळे ती बाजारात सुटी विकली जाणारी चिप कधी नव्हतीच, आणि आता बनवणारंही कोणी नाही.

पण आत काय आहे ते आता माहीत आहे, कारण क्रिस स्मिथ नावाच्या इंजिनिअरने ती चिप वरचं आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेऊन, एकेक गेट शोधून पूर्ण उलगडली. त्यांचंच हार्लेक्विन नावाचं डिझाइन आहे, त्यात यूएलएचं सगळं काम साध्या ७४ सिरीजच्या लॉजिक चिप्स करतात. तुझ्यासाठी हाच रस्ता. शिकायलाही यासारखं काही नाही, कारण मूळ मशीनमध्ये जे एका काळ्या चिपमध्ये बंद आहे ते इथे बोर्डवर पसरलेलं दिसतं, प्रोब लावून बघता येतं.

एक गोष्ट मुद्दाम बघ. प्रोसेसर आणि यूएलए दोघांनाही खालची १६ के मेमरी एकाच वेळी हवी असते, टीव्ही तर थांबू शकत नाही, म्हणून यूएलए प्रोसेसरचं क्लॉकच क्षणभर रोखून धरते. एका फ्रेममध्ये, म्हणजे टीव्हीवरच्या एका चित्रात, क्लॉकचे ६९,८८८ ठोके असतात आणि त्यातले कधी किती रोखले जातात याचा हिशोब धरून त्या काळच्या लोकांनी गेम लिहिलेत, बॉर्डरमधल्या रंगांच्या करामती तर पूर्ण त्याच्यावरच चालतात. हे जुळलं नाही तर बोर्ड चालू होतो, बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा चालते, पण काही गेम विचित्र वागतात आणि माणूस आठवडे शोधत बसतो. दोन सेकंदांचा व्हिडिओ टाकून "चालला" म्हणणाऱ्या बोर्डपेक्षा ज्याचं टायमिंग तपासलंय असा बोर्ड निवड.

सामानाचं म्हणशील तर ७४ सिरीज, सॉकेट, कपॅसिटर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत फिरलास की बरंचसं जमेल. ७४ सिरीजमध्ये एलएस, एचसी, एचसीटी अशा उपजाती असतात; दुकानदार एलएस नाही म्हणून एचसी देईल तर घेऊ नकोस, एचसीटी माग. एलएसचा "हाय" २.७ व्होल्टपर्यंत खाली असू शकतो आणि एचसीला ५ व्होल्टवर साधारण ३.५ लागतात, म्हणजे कधी चालेल कधी नाही, आणि असा फॉल्ट शोधणं म्हणजे डोक्याला ताप. एचसीटी एलएसचे लेव्हल नीट ओळखतो.

बोर्ड मागवताना चिनी कारखाने बहुतेक कमीत कमी पाच नग देतात, मग मित्र जमव आणि वाटून घ्या. दोन थरांचा, १.६ मिलिमीटर जाडीचा साधा बोर्ड आहे, पण मागच्या एज कनेक्टरसाठी (बाहेरची उपकरणं जिथे जोडतात ती बोर्डची कड) सोन्याचा मुलामा असलेलं फिनिश निवड. कथिलाचं स्वस्त फिनिश घेतलंस तर तिथे काहीही जोडलं की काही महिन्यांत कॉन्टॅक्ट द्यायचा थांबतो. आणि सगळे सॉकेट बसले की एकही चिप न घालता आधी पॉवर दे, प्रत्येक सॉकेटच्या पॉवर पिनवर व्होल्टेज मोज, मगच चिप्स. घाई इथे करायची नाही.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला झेड८०, म्हणजे स्पेक्ट्रमचा प्रोसेसर, चालत नाहीये. छपाई एकदम नवीकोरी आहे. नकली असेल का, आणि घरी कसं कळणार?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : असू शकतो, आणि आता हे वाढणार आहे. तो बनवणाऱ्या झिलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये सुटा झेड८० बंद करत असल्याचं जाहीर केलं, शेवटच्या ऑर्डरी त्याच वर्षी जूनपर्यंत घेतल्या. म्हणजे १९७६ पासून बनत असलेली चिप संपली, आता जे आहे ते शिल्लक माल, जुन्या बोर्डवरून काढलेला माल, आणि घासून वर नवी छपाई केलेला माल.

कापसाच्या बोळ्यावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन छपाईवर जरा जोर लावून घासा. बोळा काळा झाला आणि खाली वेगळाच पृष्ठभाग दिसायला लागला तर वर काळा थर देऊन छापलंय. पण पुन्हा छापलेली चिप म्हणजे मेलेली चिप असं नाही हं, जुना चांगला झेड८० सुद्धा नवा दिसावा म्हणून रंगवतात. म्हणून खरी परीक्षा ब्रेडबोर्डवर घ्या. ११ नंबरला ५ व्होल्ट, २९ला ग्राउंड, ६ नंबरला क्लॉक. वेट, इंटरप्ट, एनएमआय आणि बसरिक्वेस्ट या चारही पिन रेझिस्टर लावून ५ व्होल्टला. आठही डेटा पिन एकेका रेझिस्टरने ग्राउंडला. रिसेट म्हणजे २६ नंबरची पिन, ती थोडा वेळ ग्राउंडला ओढून मग ५ व्होल्टवर जाऊ द्या.

आता प्रोसेसर जिथे बघेल तिथे त्याला शून्य दिसतं, आणि झेड८०च्या भाषेत शून्य म्हणजे "काही करू नको, पुढे जा". तो बिचारा मेमरीचे पत्ते मोजत ६४ केच्या टोकापर्यंत जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ३.५ मेगाहर्ट्झ क्लॉक दिलात तर ए१५ला, म्हणजे पत्त्याच्या सर्वात वरच्या, ५ नंबरच्या पिनला, रेझिस्टरमधून लावलेला एलईडी सेकंदाला साधारण १३ वेळा लुकलुकेल, थोडा मंद दिसेल पण लुकलुक कळते. हे झालं की निदान चिप झेड८० आहे आणि मोजतेय एवढं नक्की. ५५५ टायमरने अगदी हळू क्लॉक देऊन बघणार असाल तर लक्षात ठेवा, ते फक्त सीमॉस झेड८०लाच जमतं, जुन्या एनमॉसला इतका संथ क्लॉक चालत नाही आणि चांगली चिप उगाच बाद ठरवाल.

प्रश्न : असा बोर्ड बनवून विकणं कायदेशीर आहे का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मी वकील नाही, त्यामुळे विकायचं असेल तर तुमच्या वकिलाला विचारा. कॉपीराइटचा खरा प्रश्न रॉममधल्या सॉफ्टवेअरचा आहे. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतला, आणि पुढे अ‍ॅमस्ट्रॅडने एम्युलेटरबरोबर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) स्पेक्ट्रमचं रॉम द्यायला परवानगी दिली. ती एम्युलेटरपुरती होती. म्हणून बोर्ड विकायचाच तर रॉमचं सॉकेट रिकामं ठेवा.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बोर्डवर पांढऱ्या अक्षरांत, लपून राहणार नाही अशा जागी, हा नव्याने बनवलेला बोर्ड आहे असं आणि साल छापा. १९७६चे अ‍ॅपल-१ जेमतेम २००च्या आसपास बनले आणि आज लाखो डॉलरना जातात, तिथे नवा बोर्ड जुना म्हणून खपवला तर काय होईल याचा विचार करा. स्पेक्ट्रमची किंमत तेवढी नाही हे खरं, पण सवय आत्ताच लागलेली बरी.

प्रश्न : बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, कमोडोर ६४ या जुन्या होम कॉम्प्युटरचा बोर्ड पार सडला. सॉकेटमधल्या चिप्स मात्र चांगल्या वाटतायत. नवा बोर्ड घेताना काय बघू? भारतातल्या भावाकडून मागवू का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमची केस म्हणजे नव्या बोर्डासाठी अगदी योग्य. भावाला कशाला त्रास देताय, फाइल कुठूनही कारखान्याला पाठवता येते, बोर्ड थेट तुमच्या घरी येईल.

आधी जुन्या बोर्डवरचा नंबर वाचा. २५०४०७, २५०४२५, २५०४६६ हे लांब बोर्ड, आणि २५०४६९ हा शेवटचा आखूड बोर्ड. आखूड बोर्डच्या चिप्स वेगळ्या पिढीच्या आहेत, लांब बोर्डच्या नव्या प्रतीवर त्या सरळ बसत नाहीत. मग व्हिडिओ चिप बघा. अमेरिकेतलं लांब बोर्डचं मशीन असेल तर ६५६७ असणार आणि तिला १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. नव्या बोर्डचं किट युरोपातून घेतलंत तर त्यात पालसाठीचा (युरोपातली टीव्हीची पद्धत) १७.७३४चा क्रिस्टल येण्याची शक्यता जास्त, तो आणि त्याच्याशी संबंधित जंपर (बोर्डवरची जोडणी बदलायची छोटी पट्टी) आधीच बदलून घ्या.

मूळ अडॅप्टर, तो काळा जड ठोकळा, पाण्यातून वाचला असला तरी वापरू नका. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारपणी बिघडला की व्होल्टेज खाली नाही, वर जातो, आणि सगळ्यात आधी मेमरी जाते. नवा सप्लाय घेताना त्यात ५ व्होल्ट डीसीबरोबर ९ व्होल्ट एसीसुद्धा हवा, लांब बोर्डवर आवाज आणि व्हिडिओच्या चिपचे १२ व्होल्ट त्या एसीमधूनच तयार होतात.

आवाजाची चिप, सिड, सर्वात शेवटी बसवा. ६५८१ असेल तर १२ व्होल्ट, ८५८० असेल तर ९ व्होल्ट. बऱ्याच नव्या बोर्डवर यासाठी जंपर दिलेला असतो, आणि ८५८०ला १२ मिळाले तर ती जाते. फिल्टरचे दोन कपॅसिटरसुद्धा वेगळे : ६५८१ला ४७० पिकोफॅराड, ८५८०ला २२ नॅनोफॅराड. जंपरवर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका, सिडच्या रिकाम्या सॉकेटमध्ये २८ नंबरला मल्टिमीटर लावून प्रत्यक्ष आकडा वाचा, आणि मगच चिप आत दाबा.