वाचक विचारतात: दुसऱ्याच्या गेमवर आपलं अ‍ॅडव्हेंचर छापायचं तर

प्रश्न: नमस्कार ताई, मी ऐरोलीला राहतो. आमचा ग्रुप शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा गेम खेळतो, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा मी असतो. येऊरच्या जंगलात घडणारं एक अ‍ॅडव्हेंचर लिहिलंय, मुंज्या, हडळ, वेताळ असं सगळं आपलं. पीडीएफ करून विकायचंय, पण एक मित्र म्हणतो गेम अमेरिकन कंपनीचा आहे, नोटीस येईल. नियम त्यांचे वापरले म्हणजे परवानगी लागते का? कव्हर सोबत पाठवतोय.

उत्तर: नियमांसाठी नाही लागत. वीस बाजूंचा फासा टाकायचा, बोनस मिळवायचा, समोरच्याच्या आर्मर क्लासएवढा, म्हणजे बचावाच्या आकड्याएवढा, किंवा जास्त आकडा आला की वार लागला, ही खेळायची पद्धत झाली आणि पद्धतीवर कॉपीराइट नसतो. अमेरिकेत हे १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यापासून मानलं जातं, आपल्याकडे १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्समध्ये सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं की कल्पनेवर, विषयावर हक्क नाही, मांडणीवर आहे. म्हणजे त्यांच्या पुस्तकातली वाक्यं, चित्रं, नकाशे उचलायचे नाहीत.

पण स्पेल आणि मॉन्स्टर त्यांच्याच शब्दांत हवे असतील तर सरळ रस्ता आहे. सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, म्हणजे गेमच्या मूळ नियमांचा मजकूर, जानेवारी २०२३ मध्ये गेमची कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन ४.० खाली, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावं अशा परवान्याखाली, खुला केला, इतरांना नियम वापरू देणारं जुनं ओपन गेम लायसन्स बदलायच्या त्यांच्या प्रयत्नावर जगभरचे खेळाडू आणि छोटे प्रकाशक चिडून उठले त्यानंतर. त्यातला मजकूर तू विकायच्या पुस्तकातसुद्धा वापरू शकतोस, फक्त श्रेयाचं वाक्य त्यांनी दिलंय तसंच्या तसं छापायचं, आणि काही बदललं असशील तर तेही सांगायचं. फायरबॉल हा स्पेल त्यात आहे, बिहोल्डर या मॉन्स्टरचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे त्याच्या आकड्यांची चौकट, नाही, बिग्बीज हँड हा स्पेल तिथे नुसता आर्केन हँड झालाय. म्हणून घरातलं हार्डकव्हर पुस्तक बंद ठेव आणि त्या डॉक्युमेंटची पीडीएफ समोर ठेवून प्रत्येक नाव तपास, कंटाळवाणं आहे पण कर.

ते जुनं ओपन गेम लायसन्स (आवृत्ती १.०ए) अजून चालतं, मी मात्र तुला ते घे म्हणणार नाही. त्याच्या सातव्या कलमात तू कबूल करतोस की दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी कंपॅटिबल आहे असं त्याच्या वेगळ्या परवानगीशिवाय सांगणार नाही. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३० मात्र, आपला माल कशाला जोडून वापरायचा हे सांगण्यापुरतं दुसऱ्याचं नाव घ्यायला काही प्रमाणात वाव देतं, म्हणजे कायद्याने मिळणारी गोष्ट आपण सही करून सोडायची, हे मला पटत नाही.

आता तुझं कव्हर. वरती लाल अक्षरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, तेही त्यांच्या लोगोसारख्या ड्रॅगनवाल्या चिन्हासकट, आणि तुझं ‘येऊरचा वेताळ’ खाली एवढंसं. दुकानात कुणीही म्हणेल हे कंपनीचंच पुस्तक आहे, आणि नोटीस येते ती याच गोष्टीवर. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये ट्रेडमार्कची परवानगी येत नाही. लोगो काढून टाक, ‘येऊरचा वेताळ’ मोठं कर, तळाशी बारीक अक्षरात ‘फिफ्थ एडिशन कंपॅटिबल’, म्हणजे गेमच्या पाचव्या आवृत्तीसोबत चालणारं, असं लिही, तेवढं लिहायला त्या डॉक्युमेंटमध्येच मुभा दिलेली आहे. तुझा मुंज्या, हडळ, वेताळ कुणाच्या मालकीचे नाहीत, फक्त हल्लीच्या एखाद्या सिनेमातलं त्यांचं रूप किंवा डायलॉग घेऊ नकोस.

प्रश्न: मी ठाण्यात नौपाड्याला राहते, आमच्या गेमबुकसाठी एका मैत्रिणीकडून चित्रं काढून घेतली, पैसे जीपे केले, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर तोंडी बोलल्यासारखंच. चित्रं आता आमचीच ना?

उत्तर: असं धरून चालू नका हो. पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंग आणि पोर्ट्रेटबद्दल कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये तरतूद आहे, पण टॅबलेटवर काढलेलं इलस्ट्रेशन त्यात बसतं की नाही यावर उद्या मैत्रिणीशीच वाद घालत बसणार का? कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात, आणि पीडीएफ तर तुम्ही परदेशातही विकणार! शिवाय घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून एक पान पुरे, त्यात प्रत्येक चित्राचं नाव, कुठले हक्क, किती वर्षं, जगभर की फक्त इथे, किती पैसे आणि पुन्हा छापलं तर तिला काय मिळणार, आणि खाली तिची सही. तिचं नाव पुस्तकात छापायचंच, तो तिचा हक्क आहे. छापायला देण्याआधी हे उरकून घ्या, नंतर सही मागायला गेलात की भाव वाढलेला असतो.