शेजारच्या टेबलावर पिस्तूल

प्रश्न : मुलगा डॅलसजवळ फ्रिस्कोला असतो, उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे होतो. एकदा सगळे टाको खायला गेलो तर रांगेत पुढे एक माणूस, एका हाताला लहान मुलगी आणि कमरेला उघडं पिस्तूल! मी नातवाला जवळ ओढलं. सून म्हणाली, आई, टेक्सासमध्ये चालतं हे. खरंच चालतं? हॉटेलवाला त्याला बाहेर काढू शकत नाही का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे २१ वर्षांवरच्या माणसाला, कायद्याची दुसरी काही आडकाठी नसेल तर, लायसन्सशिवाय पिस्तूल लावून फिरता येतं, फक्त दिसत असेल तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं. आधी पिस्तूल उघडं लावायला बंदी होती, २०१६ पासून लायसन्सवर चालायला लागलं, पण रायफलला तशी बंदी नव्हतीच, म्हणून २०१४ मध्ये ओपन कॅरीवाले, म्हणजे बंदूक उघड घेऊन फिरायचा हक्क मागणारे, रायफली अडकवून डॅलसकडच्या चिपोटले या मेक्सिकन खाण्याच्या हॉटेलात गेले, फोटो सगळीकडे फिरले, मॉम्स डिमांड अ‍ॅक्शन ही बंदुकांना विरोध करणारी मातांची संघटना कंपनीच्या मागे लागली आणि कंपनीने गिऱ्हाइकांना सांगितलं की बंदुका आणू नका. चिलीज, सॉनिक या हॉटेल कंपन्यांनीही तेच केलं. पण ती विनंती होती, बंदी नाही.

मालक मात्र काढू शकतो. तोंडी सांगितलं तरी पुरतं, ऐकलं नाही तर गुन्हा. नाहीतर दारावर कायद्यातल्या शब्दांची पाटी लावायची, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान एक इंच उंच. पुढच्या वेळी आत शिरताना तेवढी पाटी बघा. आणि ज्या बारची ५१ टक्के किंवा जास्त कमाई दारूवर आहे तिथे मुळातच मनाई.

मला हे सगळं दुकानदारावर ढकलणंच पटत नाही. काउंटरवरच्या कॉलेजच्या पोराने बंदूकवाल्याला बाहेर जा म्हणायचं? बंदूक हवी म्हणणारे टेक्सासमधल्याच किलीनच्या ल्युबीज कॅफेटेरियाचं उदाहरण देतात, १९९१ मध्ये तिथे गोळीबारात २३ जण मारले गेले, त्यात तिथेच जेवत असलेल्या सुझॅना हप यांचे आईवडील गेले आणि तेव्हाच्या कायद्यामुळे त्यांचं स्वतःचं पिस्तूल गाडीत होतं. ते दुःख खरंच आहे हो. पण समोरचा अनोळखी माणूस कुठल्या मनाने आलाय ते नातवाला घेऊन रांगेत उभ्या आजीला कसं कळावं? त्यामुळे तुम्ही घाबरलात यात काही चुकलं नाही.

असं परत झालं तर वाद घालू नका, फोटो काढू नका, सरळ उठून निघा, ऑर्डरचे पैसे गेले तर गेले. कोणाला धमकावलं किंवा बंदूक हातात घेतली तर बाहेर पडून ९११ लावा. आणि आजोबांनाही सांगून ठेवा, हौस म्हणूनसुद्धा कोणाची बंदूक हातात घेऊ नका, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला साधारण मनाईच आहे, सवलती अगदी मोजक्या.