वाचते, पण सांगत नाही

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. मराठीचा धडा ती न अडखळता वाचते. मात्र पुस्तक मिटून ‘काय वाचलंस ते सांग’ म्हटले की गप्प बसते, नाहीतर ‘मग तो आला, मग तो गेला’ एवढ्यावर गोष्ट उरकते. जूनपासून तिला एकटीला घरी येऊन शिकवणाऱ्या ताई ठेवल्या आहेत. त्या धड्याखालची प्रश्नोत्तरे पाठ करून घेतात. याने फरक पडेल का? शिवाय ती ‘आलता, गेलता’ असे बोलते, ते आधी सुधारावे का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पाठ केलेल्या उत्तरांनी गुण कदाचित वाढतील, आकलन वाढणार नाही, हे आपल्याला स्पष्टच सांगते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ असल्यामुळे जोडाक्षरे पक्की झालेले मूल अर्थ न लागताही सफाईने वाचू शकते, आणि त्या सफाईनेच आपण मोठी माणसे फसतो. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडले की वाचनाचे आकलन म्हणजे लिपी वाचता येणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार आहे, बेरीज नव्हे; म्हणजे दोहोंपैकी एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही पक्की असली तरी आकलन शून्यच. म्हणून आधी एक न वाचलेली गोष्ट तिला आपणच वाचून दाखवा. ऐकलेली गोष्ट तिला नीट सांगता आली, तर वाचताना तिचे सारे लक्ष अक्षरांतच खर्च होत आहे असे समजावे. ऐकूनही सांगता आली नाही, तर शब्द, संदर्भ किंवा सांगण्याची सवय कुठेतरी कमी पडते आहे.

करवीर तालुक्यातल्या एका मुलीला मी शिकवत होते, तेव्हा गुऱ्हाळावरचा एक उतारा घेतला होता. ‘गुळव्याने उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकून पाहिला आणि लगेच काहील उतरवायला सांगितली,’ असे त्यात वाक्य होते. (गुळव्या म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, आणि काहील म्हणजे रस उकळायची मोठी कढई.) ‘लगेच का?’ असे विचारल्यावर तिने तेच वाक्य पुन्हा मोठ्याने वाचले. मी काही बोलले नाही. बराच वेळ ती बोटाने पानाची कड घासत राहिली आणि मग म्हणाली, ‘पाण्यात गोळी झाली आसंल. आनि ठेवला आसता तर गूळ करपला आसता.’ उताऱ्यात यातले एक अक्षरही नव्हते. आजोबांच्या गुऱ्हाळावर पाहिलेले तिने त्या वाक्याला आणून जोडले होते. त्या वेळी मी उत्तर पुरवले असते किंवा ‘आसंल नव्हे, असेल’ म्हणून अडवले असते, तर ती तिथेच थांबली असती.

यात आपल्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आले. गोष्ट चालू असताना बोली सुधारू नये. ताईंनी तिची गोष्ट तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावी, तिलाच वाचायला द्यावी, आणि प्रमाण मराठीतले रूप दुसऱ्या दिवशी त्याच वहीवर, दोन्ही रूपे शेजारीशेजारी ठेवून दाखवावे. चाळीस मुलांच्या वर्गात एकेका मुलासाठी इतके थांबणे शिक्षकांना जमत नाही. एकटीच्या शिकवणीत ते जमते, आणि तीच सवड प्रश्नोत्तरांच्या घोकंपट्टीत गेली तर फार वाईट वाटते.

‘मग, मग’ची साखळी तोडायला गोष्ट तीन ठिकाणी थांबवून ‘आता काय होईल?’ आणि ‘तुला तसे कशावरून वाटले?’ हे दोन प्रश्न विचारावेत. दुसरा प्रश्न चुकवू नये, कारण त्यानेच ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’ हे शब्द तिच्या तोंडी येतात. विषयही तिच्या ओळखीचा निवडावा. अमेरिकेत १९८८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाण असलेली मुले त्या खेळावरचा उतारा, वाचनात हुशार पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांपेक्षा चांगला समजू शकली. आपल्याकडे तालमीत जाणाऱ्या मुलाला कुस्तीवरचा मजकूर देऊन पाहावा. आपल्या मुलीला रंकाळा, जोतिबाची यात्रा, घरची भाकरी यांपासून सुरुवात करता येईल.

पुस्तके विकतच घ्यावीत असे नाही. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावातच आहे; तिथे तिला घेऊन जा आणि पुस्तक तिचे तिलाच निवडू द्या. आठवड्याला एक पुस्तक पुरे, मात्र त्यातली गोष्ट तिने दोनदा सांगावी : एकदा ताईंना, आणि एकदा ती गोष्ट मुळीच ठाऊक नसलेल्या घरातल्या कुणाला तरी.